थर कमी झाले तरी धीर तेवढाच

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या गोडाधोडाची लगबग सुरू होते. दोदोल आटवायचा असतो, नेवऱ्या भरायच्या असतात, कुलकुलांना एकेक करून वळण द्यायचे असते. या साऱ्यांत मानाची जागा बेबिंकाची. अंड्यांचा बलक, नारळाचा दाट रस, साखर, मैदा, तूप आणि जायफळ एवढ्याच जिनसांतून तो बनतो. पण त्यात सात, आठ, कधी सोळा थर असतात आणि प्रत्येक थर आधीच्या थरावर ओतून, वरून आच देऊन वेगळा भाजलेला असतो. सुरी फिरवली की कापलेल्या बाजूवर फिकट पिवळ्या आणि तांबूस तपकिरी पट्ट्या एकीवर एक दिसतात. जुन्या पाककृतींत अंडी डझनाने मोजलेली असतात आणि भाजणीला अर्धा दिवस धरलेला असतो. त्या लिहिल्या गेल्या तेव्हा घरात पंधरा-वीस माणसे, मागच्या दारी चूल आणि सणाच्या कामाला अनेक हात होते. आज त्याच पाककृतीपुढे पणजीतल्या, मुंबईतल्या किंवा परदेशातल्या फ्लॅटमधले चौघांचे कुटुंब उभे असते. घरात एक छोटा ओटीजी आणि हाताशी दोन दिवसांची रजा.

अशा वेळी बहुतेक घरे दोनपैकी एक वाट धरतात. एक म्हणजे बेबिंका विकत आणणे. दुसरी म्हणजे सगळे मिश्रण एकदम डब्यात ओतून भाजणे आणि त्यालाच बेबिंका म्हणणे. तिसरी वाटही आहे, आणि माझ्या मते तीच बरोबर आहे. पाककृती नीट वाचायची आणि तिच्यातला कणा कोणता, माप कोणते, हे वेगळे काढायचे. कणा म्हणजे ज्याच्यावाचून पदार्थ उभा राहत नाही ते. माप म्हणजे त्या काळच्या घराने, चुलीने आणि माणसांच्या संख्येने ठरवलेले. माप हवे तितके बदलावे, कण्याला हात लावू नये. बेबिंकाचा कणा म्हणजे पातळ थर, वरून येणारी कोरडी आच आणि खालचा थर बसल्याशिवाय पुढचा न ओतण्याचा धीर. अंड्यांची संख्या, थरांची संख्या, भांडे, इंधन आणि करणाऱ्यांची संख्या ही सगळी मापे आहेत.

हा कणा कशावरून ठरला, ते भांड्यात काय घडते त्यावरून कळते. अंड्याचा बलक साधारण ६५ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो आणि ७० च्या आसपास बसतो. साखर आणि नारळाचा रस मिसळल्यावर हा आकडा थोडा वर सरकतो. मैद्यातला स्टार्च फुगून त्या बलकाला आधार देतो, म्हणून मिश्रण फाटत नाही. एवढे तर वाफेवरही झाले असते. पण बेबिंकाची चव आणि त्याच्या पट्ट्या येतात प्रत्येक थराच्या भाजलेल्या पापुद्र्यातून. अन्नाला तपकिरी रंग आणि खरपूस वास येण्याची क्रिया १४० अंशांच्या आसपास जोर धरते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तो १०० अंशांपुढे जात नाही. म्हणजे आधी वरचा भाग सुकायला हवा आणि मग तापायला हवा, तेही खालचे थर करपू न देता. हे साधते ते केवळ वरून येणाऱ्या कोरड्या उष्णतेने. कुकरमध्ये किंवा मोदकपात्रात ठेवलेले मिश्रण शिजेल, घट्टही होईल, पण त्याला पापुद्रा येणार नाही. साध्या मायक्रोवेव्हमध्येही तेच होईल. पापुद्रा नाही तर पट्टी नाही, आणि पट्टी नाही तर तो नारळाचा एक चांगला पुडिंग झाला, बेबिंका नव्हे.

जुन्या गोव्यातल्या स्वयंपाकघरांनी ही वरची आच मिळवण्यासाठी साधा उपाय योजला होता. मातीच्या भांड्यात थर ओतायचा, वर धातूचे झाकण किंवा परात ठेवायची आणि तिच्यावर करवंट्यांचे, सोडणांचे निखारे पसरायचे. पहिला थर बसेपर्यंत खाली थोडा विस्तव, पुढे सगळी मदार वरच्या निखाऱ्यांवर. कोकणातल्या मराठी घरांना ही रीत परकी नाही. काकडी किसून, रवा, गूळ आणि खोबरे घालून केले जाणारे धोंडस किंवा तवसोळी ओव्हन येण्यापूर्वी अशीच वर-खाली निखारे ठेवून भाजली जाई. फरक इतकाच की धोंडस एकदा ठेवले की झाले. बेबिंकाला मात्र थर ओतताना दर वेळी झाकण उचलायचे, निखारे सावरायचे आणि पुन्हा ठेवायचे.

थरांमध्ये घातल्या जाणाऱ्या तुपाचे कामही कण्यात मोडते. भाजलेल्या थरावर तूप सोडले की पुढचा ओला थर त्यात विरघळून एकजीव होत नाही. दोन्हींमध्ये एक बारीक फट राहते, आणि म्हणूनच खाताना थर हलक्या हाताने सुटतो. चिरोटे करणाऱ्या सुगरणीला हे नव्याने सांगावे लागत नाही. पोळीवर पोळी ठेवताना मधे तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतात तो याचसाठी. साटा कमी पडला की चिरोट्याचे पदर सुटत नाहीत, एवढे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. चिरोट्याचे पदर घडी घालण्याच्या कौशल्यातून मिळतात, बेबिंकाचा प्रत्येक थर वाट पाहून मिळवावा लागतो. पण दोन्हीकडे स्निग्धाचे काम एकच, पदर वेगळे ठेवण्याचे. म्हणून आरोग्याच्या विचाराने तूप कमी करायचे असेल तर थोडे कमी करावे, पण थरांमधून पुसून टाकू नये.

आता मापांकडे वळू. थरांची संख्या ही पवित्र गोष्ट आहे असे समजणाऱ्यांनी या पदार्थाचा प्रवास पाहावा. गोव्यात एक आख्यायिका सांगितली जाते. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बेबियाना नावाच्या जोगिणीने हा पदार्थ पहिल्यांदा केला, लिस्बनच्या आणि जुन्या गोव्याच्या सात टेकड्यांची आठवण म्हणून त्याला सात थर दिले, धर्मगुरूंना तो लहान वाटला आणि थर वाढून सोळा झाले. मठातल्या वस्त्रांना खळ देण्यासाठी अंड्यांचा पांढरा भाग वापरत आणि उरलेल्या बलकाचे गोड करत, असेही सांगतात. ही कथा इतिहास म्हणून घेण्याची गरज नाही. मठ मात्र खरा आहे. १६०६ ते १६२७ या काळात तो बांधला गेला आणि आजही उभा आहे. लोकांनी जपलेल्या या कथेतसुद्धा थरांची संख्या खाणाऱ्यांच्या मर्जीनुसार बदलली आहे, ही गोष्ट महत्त्वाची. म्हणजे परंपरेनेच हे माप लवचीक मानले.

पदार्थाच्या घडणीतही हेच दिसते. १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. पोर्तुगालमधल्या मठांची बलक आणि साखरेची मिठाई प्रसिद्ध आहे. त्या मिठाईची रीत गोव्यात आल्यावर तिच्याशी नारळाच्या रसाची गाठ पडली, कारण इथल्या स्वयंपाकाचा आधारच नारळ होता. म्हणजे आज आपण ज्याला अस्सल म्हणतो ती पाककृती मुळात एक यशस्वी बदल आहे. फिलिपिन्समध्ये ‘बिबिंका’ नावाची तांदळाची भाकरीसारखी गोड वडी नाताळात खातात आणि तीही वर-खाली निखारे ठेवून भाजतात. मकावमध्ये बेबिंका याच नावाचा दुधा-नारळाचा पदार्थ आहे, पण त्याला थर नाहीत. इंडोनेशियात डच काळात रुजलेला ‘लापिस लेगित’ हा लोणी आणि मसाल्यांचा केक थरावर थर ओतून, वरून आच देऊन करतात. तिथे तो नाताळाला, चिनी नववर्षाला आणि ईदलाही खाल्ला जातो. जर्मनीत ‘बाउमकुखेन’ आडव्या दांड्यावर, विस्तवासमोर फिरवत, थर चढवत भाजतात. भांडी वेगळी, चरबी वेगळी, मसाले वेगळे, सणही वेगळे. लापिस लेगित, बाउमकुखेन आणि बेबिंका यांना जोडणारा धागा एकच आहे. पातळ थर आधी भाजून घ्यायचा, मगच त्याच्यावर पुढचा चढवायचा.

कुटुंबासाठी पाककृती लहान करताना लोक पहिली चूक करतात ती भांड्याची. समजा मूळ पाककृती २० बलकांची आहे आणि ती १० इंच व्यासाच्या गोल डब्यासाठी लिहिली आहे. घरात माणसे कमी म्हणून सगळे साहित्य निम्मे केले आणि डबा तोच ठेवला, तर एक तर थर निम्मे होतील किंवा कागदासारखे पातळ होऊन करपतील. निम्मे साहित्य घेतले तर डब्याचा तळही निम्मा हवा, आणि तळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. १० चा वर्ग १००, ७ चा वर्ग ४९. म्हणजे ७ इंची डबा हा १० इंची डब्याचा जवळजवळ निम्मा. १० इंची डब्याची पाककृती निम्मी करून ७ इंची डब्यात केली, तर थरांची संख्याही राखता येते आणि जाडीही. व्यास निम्मा करून ५ इंची डबा घेणारे फसतात, कारण तो निम्मा नव्हे, चौथाई असतो.

दुसरी चूक जाडीची. वेळ वाचवायचा म्हणून सात थरांऐवजी तीन-चार जाड थर ओतण्याचा मोह होतो. पण उष्णता वरून आत झिरपते तेव्हा जाडी दुप्पट झाली की आतपर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. पाच मिलिमीटरचा थर दहा-बारा मिनिटांत होत असेल तर एक सेंटिमीटरच्या थराला चाळीस मिनिटे धरावी लागतील. सात पातळ थर सव्वा ते दीड तासात होतात. तेवढेच मिश्रण चार जाड थरांत ओतले तर दोन तासांहून जास्त जातील, आणि तेवढ्यात वरचा भाग काळा पडून आत कच्चे राहील. उलट थर फारच पातळ केले तरी वेळ त्या प्रमाणात घटत नाही, कारण पापुद्रा भाजायला, दार उघडून ओतायला आणि तूप सोडायला प्रत्येक थरामागे ठरावीक मिनिटे जातातच. सोळा थरांना तीन तास लागतात ते यामुळे. म्हणून घरगुती बेबिंकासाठी चार-पाच मिलिमीटरचे सात थर हा सर्वांत शहाणा मध्यबिंदू ठरतो. थर कमी करायचे असतील तर बेबिंकाची उंची कमी करावी, थराची जाडी वाढवू नये. पाच थरांचा ठेंगणा बेबिंका सात थरांइतकाच खरा असतो.

या हिशेबाने ७ इंची डब्यासाठी १० बलक, ४०० मिलिलिटर नारळाचा दाट रस, २५० ग्रॅम साखर, १२५ ग्रॅम मैदा, सुमारे १५० ग्रॅम साजूक तूप, किसलेले अर्धे जायफळ आणि चिमूटभर मीठ पुरते. साखर रसात विरघळवून घ्यावी, बलक फेटून मिसळावेत, मैदा थोडा थोडा घालून गुठळ्या मोडाव्यात आणि मिश्रण गाळून घ्यावे. फेस आला असेल तर अर्धा तास बसू द्यावे, नाहीतर थरांना भोके पडतात. हे मिश्रण साधारण ८०० मिलिलिटर भरते, म्हणजे एका थराला अर्ध्या कपाहून किंचित कमी. डब्यात दोन चमचे तूप तापवून पहिला थर ओतावा आणि १८० अंशांवर वर-खाली आच ठेवून बसू द्यावा. नंतर खालची कॉइल बंद करून फक्त वरची चालू ठेवावी आणि डब्याखाली एक रिकामा ट्रे सरकवावा, म्हणजे तळ करपत नाही. प्रत्येक थर तांबूस झाला की चमचाभर तूप फिरवायचे आणि पुढचा थर ओतायचा. ओतण्यापूर्वी मिश्रण दर वेळी ढवळावे. मैदा तळाशी बसतो, आणि न ढवळता ओतले तर पहिले थर पाणचट आणि शेवटचे चिवट होतात. मधल्या वेळात भांडे फ्रीजमध्ये ठेवावे, कारण कच्चा बलक आणि नारळाचा रस उकाड्यात दीड-दोन तास बाहेर ठेवणे बरे नाही.

साहित्यातल्या बदलांनाही हाच निकष लावता येतो. नारळाचा रस घरी काढायला वेळ नसेल तर बिनसाखरेचा डबाबंद रस चालतो, कारण त्याचे काम स्निग्धता आणि वास देण्याचे आहे आणि दाट डबाबंद रस ते करतो. पाणी घालून पातळ केलेला रस मात्र चालत नाही. तो थर मऊ राखतो खरा, पण पृष्ठभाग सुकायला उशीर लावतो. साखर २५० वरून २०० ग्रॅमवर आणता येते. त्याखाली गेल्यास तोटा केवळ गोडीचा होत नाही. साखर बलकाचा बांधा मऊ ठेवते, थराला रंग देते आणि पदार्थ टिकवते. ती फार घटली की थर रबरासारखे होतात आणि फिके राहतात. मैद्याऐवजी तांदळाचे पीठ घेतले तर बांधा वेगळा येतो, तरी थर टिकतात, म्हणून गव्हाचे वावडे असणाऱ्यांसाठी तो बदल योग्य. काही घरांत एकाआड एक थरात जाळलेल्या साखरेचा पाक घालून रंग गडद करतात. ते हौसेचे काम आहे. वेळ नसेल तर सोडून द्यावे, कारण पट्ट्या आचेनेही येतातच.

या मांडणीवर काही आक्षेप येतील, आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप असा की असे बदल करत गेलो तर परंपरा उरणार काय? २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला जीआय मानांकन मिळाले. मग आता तरी पाककृती जशीच्या तशी जपायला नको का, असे कुणी विचारेल. मानांकनाचा हेतू बाजारात त्या नावाचा गैरवापर रोखणे आणि त्यावर पोट असणाऱ्या कारागिरांना संरक्षण देणे हा आहे. घरातल्या भांड्याचा व्यास किंवा बलकांची संख्या ठरवून देणे हे त्याचे काम नव्हे. विक्रीच्या बेबिंकाला एक मानक असणे योग्यच आहे, ग्राहकाला त्याची खात्री हवी. घरचा बेबिंका मात्र केल्याने टिकतो. वर्षानुवर्षे कुणी केलाच नाही आणि सोळा थरांची पाककृती वहीत अखंड राहिली, तर परंपरा टिकली असे म्हणता येणार नाही. घरात दरवर्षी सात थरांचा बेबिंका होत असेल तर ती जिवंत आहे, आणि ज्याला सात जमतात त्याला एखाद्या वर्षी सोळाही जमतील.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गोव्यातल्या बेकऱ्या उत्तम बेबिंका करतात, तो आठवडाभर टिकतो, विमानाने परदेशीही जातो. मग घरी दोन तास ओव्हनपुढे का थांबायचे? ज्यांना खरोखर वेळ किंवा ताकद नाही त्यांनी जरूर विकत घ्यावा, त्यात कमीपणा नाही, आणि त्यातून कुणाच्या तरी हाताला कामही मिळते. पण नाताळच्या गोडाचा अर्थ खाण्यापुरता नसतो. गोव्यात या दिवसांत घरच्या गोडाची ताटे शेजारीपाजारी पाठवतात, त्याला कोन्सुआदा म्हणतात. हिंदू शेजाऱ्यांकडेही ती जातात, आणि दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचे ताट परत येते. त्या ताटात स्वतःच्या हातचे काहीतरी असणे हाच त्या देवाणघेवाणीचा जीव. शिवाय बेबिंकासारखा पदार्थ घरातल्या सर्वांना एका कामात गुंतवतो. थर ओतणे हे दर दहा मिनिटांनी परत परत येणारे छोटे काम आहे. एकाने घड्याळ पाहावे, एकाने मिश्रण ढवळावे, एकाने तूप सोडावे, थोरल्यांनी रंग पाहून थर झाला की नाही ते सांगावे. पूर्वी हे सगळे काम घरातल्या बायकांच्या माथी येत असे. पाककृतीचे माप बदलताना हेही माप बदलायला हवे. सणाचे काम एकाच व्यक्तीला थकवून पूर्ण होणार असेल, तर ती पाककृती अजून आजच्या घराच्या मापाची झालेली नाही.

तिसरा आक्षेप अंडी न खाणाऱ्यांचा. ताट शाकाहारी घरी जायचे असेल किंवा घरातच कुणी अंडे खात नसेल तर काय करायचे? कॉर्नफ्लोअर आणि आटवलेले दूध घालून थरांचा बिनअंड्याचा पदार्थ करता येतो, आणि वरून भाजला तर त्याला पट्ट्याही येतात. तरीही बलक हा बेबिंकाचा बांधा आहे, त्याला गाळून तेच नाव देणे मला पटत नाही. यावर गोव्याच्या परंपरेतच उत्तर आहे. दोदोल तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाच्या रसाचा असतो, त्यात अंडे नसते. नेवऱ्या तर चतुर्थीलाही होतात आणि नाताळलाही. शाकाहारी शेजाऱ्याच्या ताटात दोदोल आणि नेवऱ्या ठेवाव्यात. एकाच पदार्थाला सर्वांच्या मापाचे करण्यासाठी त्याचा कणा मोडण्यापेक्षा ताटात प्रत्येकासाठी काही असणे अधिक प्रामाणिक आहे.

चौथा आक्षेप आरोग्याचा आहे आणि तो हलका नाही. दहा बलक, पाव किलो साखर, दीडशे ग्रॅम तूप हे आकडे वाचून अनेक जण पाककृती मिटतात. पण हा पदार्थ वाटीभर खाण्याचा नाही. सात इंची बेबिंकाचे वीस पातळ काप सहज होतात, आणि एका कापात अर्धा बलक, साडेबारा ग्रॅम साखर आणि सात-साडेसात ग्रॅम तूप येते. वर्षातून एकदा, सणाला, एवढे बहुतेकांना चालण्यासारखे आहे. ज्यांना साखरेचे पथ्य आहे त्यांनी अर्थात आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. पदार्थातले तूप-साखर निम्मे करून तो बिघडवणे आणि मग मोठा काप खाणे, यापेक्षा पदार्थ नीट करून लहान काप खाणे प्रकृतीच्याही हिताचे आहे. उरलेल्या दहा पांढऱ्यांची चिंताही आधीच मिटवावी. ती फ्रीजरमध्ये चांगली राहतात, आणि सुट्टीत आलेल्या पाहुण्यांच्या सकाळच्या ऑम्लेटमध्ये सहज खपतात.

सणाच्या वेळापत्रकात बेबिंका बसवणे अवघड वाटते, पण या बाबतीत तो उलट सोयीचा आहे. ताजा, गरम बेबिंका कापला तर थर एकमेकांवरून घसरतात. पूर्ण गार झाल्यावर तूप घट्ट होते, थर बसतात, जायफळाचा वास मुरतो, आणि दुसऱ्या दिवशी चव अधिक चांगली लागते. साखर आणि तुपामुळे तो काही दिवस टिकतो, फ्रीजमध्ये आठवडाभर. म्हणून २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सेआधीच्या धावपळीत त्याला गुंतवू नये. २० किंवा २१ डिसेंबरच्या संध्याकाळी मिश्रण करून भाजावा, रात्रभर गार होऊ द्यावा, दुसऱ्या दिवशी डब्यातून उपडा काढून झाकून ठेवावा. नाताळच्या दिवशी काम उरते ते सुरीचे. हवे तर काप किंचित गरम करून सोबत व्हॅनिला आइस्क्रीम द्यावे.

सणाचा प्रत्येक अवघड पदार्थ या रीतीने वाचता येईल, मग तो दिवाळीचा चिरोटा असो की नाताळचा बेबिंका. पाककृती हातात घेतल्यावर प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा. ही ओळ काढली तर पदार्थ तोच राहतो का? राहत असेल तर ती ओळ आपल्या घराच्या मापाने बेलाशक बदलावी. राहत नसेल तर तिच्यासाठी वेळ काढावा, मदत मागावी, बाकीचे चार पदार्थ कमी करावेत, पण ती ओळ जशी आहे तशी पाळावी. या नाताळात ज्यांच्या घरी जुनी वही कपाटात पडून आहे त्यांनी ती काढावी, ७ इंची डबा आणि १० बलक घ्यावेत आणि घरातल्या सर्वांना ओव्हनपुढे बोलवावे. पहिला थर तांबूस होईपर्यंत दुसरा ओतू नये.